आमच्या हुए क्वानच्या कमिटीला खुलं पत्र : शनिवारचा हॉल बंद करू नका

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कमिटीतले सगळे अंकल-आंटी,

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझं नाव ठाऊक नसेल पण मला पाहिलंय सगळ्यांनी. शनिवारी संध्याकाळी सासूबाईंची व्हीलचेअर ढकलत येते आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसते ती इंडियन सून, तीच मी. अकरा वर्षं झाली येतेय. हे पत्र मराठीत लिहितेय कारण मनातलं नीट सांगायचं असेल, आणि त्यात थोडं भांडायचंही असेल, तर मला ते माझ्याच भाषेत जमतं. नवरा त्याचं मँडरिन करून देणार आहे, ते प्रिंट काढून तुमच्या हातात देईन. आणि मराठीतलं हे असं सगळ्यांसमोर ठेवतेय कारण सिंगापूरमध्ये मराठी माणसं खूप आहेत, चायनाटाउनमधून जाताना हुए क्वानची, म्हणजे एका गावच्या नाहीतर एका आडनावाच्या चिनी लोकांच्या मंडळाची, ती जुनी दारं, वर सोनेरी चिनी अक्षरांची पाटी, आत टेबलाभोवती पेपर वाचत बसलेली म्हातारी माणसं त्यांनी शंभरदा पाहिली असतील आणि काहीतरी देऊळ वगैरे असेल असं समजून पुढे गेली असतील, मीही वर्षानुवर्षं तशीच पुढे जायचे. आपल्या हुए क्वानचं नाव आणि गल्ली मात्र लिहीत नाही, कारण मला कुणाला खाली दाखवायचं नाहीये, मला फक्त हॉल उघडा राहायला हवाय.

नोटीस वाचली. जानेवारीपासून पहिल्या शनिवारचं व्याख्यान बंद, तिसऱ्या शनिवारची पुस्तकचर्चा बंद, आणि तळमजल्यावरचा हॉल ट्यूशन क्लासला भाड्याने. कारण दिलंय की माणसं येत नाहीत. खरं आहे, मी पण मोजते ना, गेल्या सहा महिन्यांत कधी अकरा, कधी चौदा, एकदा पावसात सात. पैशाचंही कळतं मला, मेंबरांच्या नातवंडांच्या स्कॉलरशिप, नवीन वर्षाला सत्तरीपुढच्या लोकांना लाल पाकिटं, छताची दुरुस्ती, हे सगळं भाड्यातूनच होतं. म्हणून नुसतं “असं करू नका हो” म्हणायला मी आलेली नाही. पण आधी हे दोन शनिवार म्हणजे नेमकं काय आहे ते मला जसं दिसलं तसं सांगू द्या, कारण मला वाटतं की ज्यांचा जन्म यातच गेला त्यांना ते दिसेनासं झालंय.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, परळला गिरणीत कामाला. मुंबईत त्यांचं घर नव्हतं, गाववाल्यांची खोली होती. एका खोलीत गावातले वीस-पंचवीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपायचे, भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, महिन्याची वर्गणी, आजारी पडला तर खोली बघणार, मेला तर खोली पोचवणार. गोव्याहून बोटीवर नोकरीला आलेल्यांची धोबीतलावला अशीच कूड असायची, गावागावाची वेगळी. तर पहिल्यांदा जेव्हा नवऱ्याने मला हुए क्वान म्हणजे काय ते समजावलं, की चीनमधल्या एका जिल्ह्यातून नाहीतर एका आडनावाची माणसं बोटीतून उतरली की आधी इथे यायची, झोपायला जागा, काम, आजारपण, शेवटी स्मशानातली जागासुद्धा, तेव्हा मी त्याला म्हटलं थांब, मला कळलं, ही आमची गाववाल्यांची खोलीच आहे. फक्त तुमची खूप आधीपासूनची. दक्षिण चीनमधून आलेले हाक्का, होक्किएन, तिओच्यू, प्रत्येकाची बोली वेगळी आणि मंडळं वेगळी, आपलं तिओच्यू लोकांचं. तेलोक आयर स्ट्रीटवरचं हाक्का लोकांचं यिंग फो फुई कुन १८२२ चं, म्हणजे इंग्रजांनी सिंगापूरला ठाणं मांडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. होक्किएन लोकांचं १८४० पासूनचं, तिओच्यू लोकांची न्गी आन कोंगसी १८४५ ची. आज तेलोक आयर स्ट्रीटवर उभं राहिलं की चहूकडे ऑफिसच्या बिल्डिंगा दिसतात पण तेव्हा तो समुद्रकिनारा होता, थियान होक केंग देवळातल्या माझू देवीचं तोंड समुद्राकडे होतं, उतरलेली माणसं आधी तिला उदबत्ती लावायची आणि मग आपल्या गावाची पाटी शोधायची.

आणि त्या खोलीची आणि या हुए क्वानची आणखी एक गोष्ट सारखी आहे, तीच माझा खरा मुद्दा आहे. आजोबांच्या खोलीत लिहिता-वाचता येणारे दोनच जण होते. गावाहून पत्र आलं की रात्री जेवणं झाल्यावर ते मोठ्याने वाचायचे. ज्याचं पत्र त्यालाच ऐकवलं असं नाही, सगळ्यांना, कारण गाव सगळ्यांचं होतं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घराची कौलं उडाली हे सगळ्यांना हवं असायचं. पैसे पाठवायचे ते मनीऑर्डरने, आणि त्या फॉर्मच्या खाली जी चार ओळींची जागा असते तेवढंच पत्र. आता तुम्हाला आठवतंय का, मागच्या वर्षी छिआओपीवर व्याख्यान झालं होतं? इथल्या मजुरांनी घरी पाठवलेले पैसे आणि त्याबरोबरची चिठ्ठी, दोन्ही एकाच लिफाफ्यात, पैशाचा आकडा लिफाफ्याच्या बाहेर आणि ख्यालीखुशाली आत. युनेस्कोने २०१३ मध्ये त्यांना जगाच्या स्मृतींच्या नोंदवहीत घेतलं. आपल्याकडे तिओच्यूमध्ये त्याला फोइ म्हणतात. बोटीतून उतरल्यावर पहिलं पाठवायचं ते सुखरूप पोचल्याचं फोइ, त्यासाठी उसने पैसे घ्यायचे पण पाठवायचंच. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला आजोबांच्या मनीऑर्डरची पावती दिसत होती, गुलाबीसर, खाली त्या चार ओळी, “सर्व क्षेम, काळजी करू नये”. त्या दिवशी मला त्या खोलीत कुणी परकं वाटलं नाही.

लोकांना जमवायचं आणि वाचून दाखवायचं, ही सोय झाल्यावर करायची गोष्ट नाहीये, ती पहिल्यापासून आहे इथे. १८९६ साली इथले डॉक्टर आणि समाजसुधारक लिम बून केंग यांनी इथे चिनी लोकांची फिलोमॅथिक सोसायटी काढली, वाचन आणि चर्चेसाठी. पुढे चीनमधली राजेशाही उलथायला निघालेल्या सुन यत्सेन यांच्या चळवळीतल्या लोकांनी सिंगापूर-मलायात वाचनालयं उघडली, पेनांगचं १९०८ चं, सिंगापूरचं त्यानंतर दोनेक वर्षांत, आणि तिथे नुसती पुस्तकं ठेवलेली नव्हती, दिवसभर बंदरावर राबलेल्या ज्यांना अक्षरं येत नव्हती त्यांना पेपर वाचून दाखवायचे, भाषणं व्हायची. मी हे ऐकलं तेव्हा मला न्यायमूर्ती रानड्यांची पुण्यातली वसंत व्याख्यानमाला आठवली, १८७५ ची, अजून चालू आहे. दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नसताना साधारण त्याच काळात माणसांना तेच सुचत होतं, चार खुर्च्या मांडा, एक शहाणा माणूस बोलवा आणि सगळ्यांनी ऐका.

आणि जे या असल्या सोसायट्यांत जात नव्हते त्यांच्यासाठी नदीकाठ होता. हे मला सासूबाईंनी सांगितलं. सिंगापूर नदीच्या काठी संध्याकाळी कथेकरी बसायचा, समोर हमाल, होडीवाले, पोरं, आणि कथेकरी उदबत्ती लावायचा. उदबत्ती जळेपर्यंत गोष्ट. ती संपली की गोष्ट नेमकी रंगात आलेली असायची, तिथे थांबायचं, पैसे गोळा करायचे, मग दुसरी उदबत्ती. सासूबाईंचे वडील त्यांना खांद्यावर बसवून न्यायचे. मग १९४९ मध्ये रेडिफ्यूजन आलं, वायरने घरात येणारा रेडिओ, तो डबा भाड्याने मिळायचा, आणि तेच कथेकरी त्या डब्यात जाऊन बसले. कँटोनीजमध्ये ली दाई सोर, होक्किएनमध्ये ओंग तोह, आपल्या तिओच्यूमध्ये न्ग चिया केंग. सासूबाई शिवण करताना ऐकायच्या. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत, पण तीन राज्यांच्या लढाईची गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे, कोणाचा घोडा कुठल्या रंगाचा ते सुद्धा सांगतात. मला विचाराल तर ही बाई सुशिक्षित आहे.

मग १९७९ ला सरकारची मँडरिन बोला ही मोहीम आली. त्या धोरणावर वाद घालायला मी हे पत्र लिहीत नाहीये, बारा भाषा बोलणाऱ्या लोकांना एक भाषा हवी होती हे मला समजतं, आणि माझा नवरा त्यामुळेच आज शांघायच्या लोकांशी आरामात काम करू शकतो. पण १९८२ पर्यंत तो डबा गप्प झाला, म्हणजे तिओच्यू, होक्किएन, कँटोनीजमधले सगळे कार्यक्रम गेले. सासूबाई म्हणतात, घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. चिनी माध्यमाची नानयांग युनिव्हर्सिटी, जी उभी राहताना त्रिशॉ, म्हणजे सायकलरिक्षा चालवणाऱ्यांनी आपली दिवसाची कमाई देणगी दिली होती, ती १९८० मध्ये दुसऱ्या युनिव्हर्सिटीत विलीन झाली. १९८७ पासून सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. २०१० च्या जनगणनेत घरात मुख्यतः चिनी बोली बोलणारे १४.३ टक्के होते, २०२० ला ८.७ टक्के राहिले. आमच्याच घरात बघा, सासूबाई तिओच्यू बोलतात, नवरा मँडरिन आणि इंग्लिश, माझी मुलगी इंग्लिश आणि परीक्षेपुरतं मँडरिन, मी मराठी आणि मोडकंतोडकं सगळंच. आजी आणि नात एकमेकींवर जीव टाकतात पण त्यांच्यात पूर्ण एक वाक्य होत नाही, हाताने, खाऊने, टीव्हीकडे बोट दाखवून चालतं. मुलीला तिची मराठी आजी फोनवर निदान ओरडू तरी शकते, इकडच्या आजीला तेही जमत नाही. हे बघताना आई म्हणून पोटात तुटतं माझ्या.

तर अकरा जण का येतात याचं हे कारण आहे, तुमच्या कार्यक्रमात काही कमी आहे म्हणून नाही. ज्यांना तिओच्यू कळतं त्यांना आता फारसं चालवत नाही आणि रात्री दिसत नाही, आणि ज्यांना सगळं जमतं त्यांना तिओच्यू कळत नाही, मग मँडरिनमध्ये ठेवलं तर पुढच्या रांगेतले पेंगतात आणि तिओच्यूमध्ये ठेवलं तर मागचे मोबाइल काढतात. यावर उपाय हॉल बंद करणं कसा असेल ते मला समजत नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे की आता २०१७ पासून एवढं मोठं चायनीज कल्चरल सेंटर आहे, लायब्ररीत कार्यक्रम असतात, यूट्यूबवर तर काय वाट्टेल ते मिळतं, मग आपण कशाला. मी त्या सेंटरमध्ये गेलेय, सुंदर आहे, तिथे स्टेजवर जे होतं ते मन लावून बघितलंय. पण तिथे बोलणारा बोलतो आणि आपण टाळ्या वाजवून एमआरटी ट्रेन पकडतो. आपल्या हॉलमध्ये बोलणाऱ्याचं झालं की खरं सुरू होतं.

दक्षिणेकडच्या चिनी ड्रायव्हरांवरचं व्याख्यान आठवा. १९३९ साली इथले मोठे रबर व्यापारी तान काह की यांनी आवाहन केलं आणि मुख्यतः सिंगापूर-मलायातून जवळजवळ ३२०० ड्रायव्हर आणि मेकॅनिक, जपानशी लढणाऱ्या चीनला सामान पोचवायला, बर्मा रोडवर गेले, लाशिओपासून कुनमिंगपर्यंत सुमारे ११५० किलोमीटर डोंगरातला रस्ता, वरून जपानी बाँब, खाली दरी, मलेरिया, त्यातले हजारएक तिकडेच मेले. युनिव्हर्सिटीतून आलेल्या त्या तरुण प्राध्यापिकेने छान स्लाइड दाखवल्या, नकाशे, फोटो, सगळं. आणि मग पुढच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले आणि तिओच्यूमध्ये बोलायला लागले. तिला समजेना. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मँडरिन करून सांगितलं. आजोबांचे काका गेले होते, एकोणीस वर्षांचे, घरी न सांगता, आणि त्यांची आजी नंतर कितीतरी वर्षं रात्री लॉरीचा आवाज आला की दार उघडून बघायची. ती प्राध्यापिका वही काढून लिहायला लागली, तिचे डोळे भरले होते. हे तिच्या पुस्तकांत नव्हतं. कुठून येणार, ते फक्त त्या आजोबांच्या डोक्यात होतं आणि ते फक्त तिओच्यूत बाहेर येतं. त्या आजोबांना आपण या मार्चमध्ये पोचवून आलो.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा हात वर केला होता. मी म्हटलं, त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ ला, आमच्याकडून पाच डॉक्टर चीनला गेले होते, त्यातले एक सोलापूरचे, द्वारकानाथ कोटणीस, बत्तिसाव्या वर्षी १९४२ मध्ये तिकडेच गेले. सगळा हॉल माझ्याकडे वळला. दोघा-तिघांना त्यांचं चिनी नाव ठाऊक होतं, ख तिहुआ, पण तो माणूस कुठल्या गावचा, काय भाषा बोलायचा हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, मी जी भाषा फोनवर आईशी बोलते ना, ती. त्यानंतर चहाच्या वेळी मला बोलावून घेतलं गेलं, आणि तेव्हा मी तो शब्द ऐकला, काकीनांग. तिओच्यूमध्ये आपलं माणूस. मला ऐकताना आपली काकीच आठवली आणि मी तो शब्द कधी विसरले नाही.

चहाबद्दल पण लिहितेच. मराठी वाचणाऱ्यांना हे माहीत नसेल, तिओच्यू लोकांचा चहा म्हणजे लिंबाएवढे छोटे कप आणि माणसं कितीही असोत कप तीनच. कडक कोरा चहा, एक घोट, कप गरम पाण्यात विसळायचा आणि पुढच्याला. मग कुणीही आधी घेत नाही, “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” चालू राहतं, दुसऱ्याची वाट बघावीच लागते. अशा चहात कुणाला एकट्याने येऊन एकट्याने निघून जाता येत नाही. यूट्यूबवर हे कुठून आणणार.

पुस्तकचर्चेचं तर मला फारच लागलंय, कारण मला चिनी वाचता येत नाही हे माहीत असून मला त्या चर्चेत जागा दिली गेली. नवरा आठवडाभर रात्री मला तो भाग इंग्लिशमध्ये सांगायचा आणि मी माझ्या वहीत मराठीत टिपून न्यायचे. चिनी भिक्षूबरोबर भारताकडे निघालेल्या सन वुखोंग माकडाची ती जुनी कादंबरी आपण सात महिने वाचत होतो. एकदा कुणीतरी म्हणालं, भिक्षू इतका भित्रा का दाखवलाय, माकडच सगळं करतं. तेव्हा मी सांगितलं की खरा भिक्षू, ह्युएन त्सांग, भित्रा नव्हता, तो आमच्या गावापर्यंत आला होता. खरंच, ६४१ च्या आसपास तो महाराष्ट्रात होता, पुलकेशीचं राज्य होतं, त्याच्या प्रवासवर्णनात मो-हो-ला-छा असं नाव आहे आणि तिथल्या लोकांबद्दल लिहिलंय की उपकार केला तर कधी विसरत नाहीत, अपमान केला तर सोडत नाहीत, संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःला विसरून धावतात, आणि सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला सांगून मग घेतात. मास्तरांनी पुढच्या वेळी मूळ चिनी ओळी आणल्या, फळ्यावर लिहिल्या, आणि एकेका अक्षराचा अर्थ मला सांगितला. माझ्या लोकांबद्दल चौदाशे वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं ते मला शाळेत दोन ओळींत शिकवलं होतं, ते खरं समजलं मला सिंगापूरमध्ये तिओच्यू माणसांच्या मधे बसून. मी त्या रात्री घरी जाऊन आईला फोन केला, तिकडे संध्याकाळच होती अजून, तिला सगळं परत वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मास्तरांना माझा नमस्कार सांग. मी सांगितला होता, त्यांना आठवत असेल.

आता मागणं. हॉल सोमवार ते शुक्रवार द्या ना भाड्याने, रविवारही द्या, महिन्यातून फक्त दोन शनिवार ठेवा. संध्याकाळी साडेसातऐवजी सकाळी दहाला करा, म्हाताऱ्या माणसांना उजेडात येता येईल आणि मुलांना संध्याकाळी त्यांचं त्यांचं काही करता येईल. व्याख्यान एकाच भाषेत नको, बोलणाऱ्याने दहा मिनिटं बोलावं आणि मास्तरांसारख्या कुणीतरी ते दुसऱ्या भाषेत सांगावं, वेळ जास्त लागेल, लागू दे, आपल्याला कुठे ट्रेन पकडायचीय. पुस्तकचर्चेला अख्खं पुस्तक ठेवलं की नवीन माणूस घाबरतो, म्हणून एक पान ठेवा, एक कविता, एक फोइ. आणि वरच्या कपाटात आपल्याच वर्धापनदिनांचे जे जाडजूड विशेषांक धूळ खात पडलेत ना, मेंबरांचे फोटो, कोणी कुठल्या गावाहून आलं, कोणाचं किराण्याचं दुकान, कोणी शाळेला किती देणगी दिली, ते बाहेर काढा, एकेक शनिवारी एकेक अंक, ज्यांचे आजोबा त्या फोटोत आहेत त्यांना फोन करून सांगा की या शनिवारी तुझ्या आजोबांबद्दल बोलणार आहोत. बघा येतात की नाही. संस्कृतीवर व्याख्यान आहे म्हटलं की लोक विचार करतात, स्वतःच्या आजोबांचं नाव घेतलं तर धावत येतील.

आणि मेंबर नसलेल्यांना शिफारशीचं पत्र लागतं ही अट या दोन कार्यक्रमांपुरती काढा. मी सून म्हणून आत आले, पण माझ्या मुलीची मलाय मैत्रीण दोनदा बाहेरच्या फाइव्ह-फूट वेवर, छताखालच्या त्या फुटपाथवर, उभी राहून परत गेली, तिला घोस्ट फेस्टिव्हल, तो पितरांचा सण, त्यावरचं ऐकायचं होतं. नियम बनला तेव्हा त्याला काही कारण असेल, आज ते कारण राहिलेलं नाही. मराठी वाचकांनो, तुम्हीही या, खरंच या, अट निघाली की मी इथेच कळवते.

सगळी व्याख्यानं फोनवर तरी रेकॉर्ड करून ठेवू. माझी मुलगी करेल, तिने स्वतःहून सांगितलंय. तिला शब्द कळत नाहीत पण कोण बोलतंय ते तिला कळतं.

कमिटीतल्या काही जणांना वाटेल की हिला काय, ही बाहेरची. मला ते कुणी तोंडावर बोललेलं नाही, पण मीच रात्री स्वतःला विचारते की एवढं का लावून घेतेस. तर सांगते. माझ्या आजोबांची परळची खोली गेली. गिरण्यांचा संप झाला, माणसं गावाला परतली, चाळीच्या जागी टॉवर आला, आणि त्या खोलीत रात्री वाचलेल्या पत्रांतलं एकही कुणी जपलं नाही, तिथे कोण काय बोलायचं ते आता आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा कुणी ठरवून काही मोडलं नव्हतं, फक्त भाडं जास्त येत होतं. मी तेव्हा लहान होते, मला काही करता आलं नसतं. आता मी लहान नाहीये.

शेवटचं, आणि हे सासूबाईंच्या वतीने. त्यांच्या वडिलांच्या बिस्किटाच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या, तुम्हाला माहीतच आहे. सासूबाईंच्या आजीने चीनमधल्या स्वाटो बंदराजवळच्या गावातून पाठवलेली उत्तरं, पैसे पोचल्याची पोच आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेली. सासूबाईंना वाचता येत नाही, नवऱ्याला ती जुनी लेखी चिनी लागत नाही, म्हणून आपण पुस्तकचर्चेच्या शेवटी एकेक वाचायला घेतली, मास्तर आधी जशीच्या तशी वाचतात आणि मग तिओच्यूमध्ये समजावतात. पहिली युद्धानंतरची होती, १९४६ ची. त्यात आजीने विचारलं होतं की बाळ चालायला लागलं का. मधे युद्धात टपालच नव्हतं, तिला शेवटचं कळलं होतं ते मुलगी झाल्याचं, आणि चिठ्ठी इथे पोचली तेव्हा ते बाळ पाच वर्षांचं होऊन गल्लीत धावत होतं. ते बाळ म्हणजे आमच्या सासूबाई. ८४ व्या वर्षी व्हीलचेअरमध्ये बसून त्यांनी ते ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मास्तरांना म्हणाल्या, परत वाचा. त्यांनी तीनदा वाचलं.

एका चिठ्ठीवर चिनी प्रजासत्ताकाचं, १९१२ पासून मोजायचं, ३६ वं वर्ष आहे, म्हणजे १९४७, त्यात लिहिलंय की आज मिळालेले पैसे उद्या तांदळाला पुरत नाहीत. एकीत नुसता हिशेब आहे, काकूला इतके, पुतण्याच्या शाळेला इतके. सात वाचून झाल्यात. चार राहिल्यात, त्यातली एक उघडताना फाटली म्हणून मास्तर ती घरी नेऊन पातळ कागदावर चिकटवून आणणार आहेत. महिन्याला एक या हिशेबाने एप्रिलपर्यंत लागेल, आणि तुमची नोटीस जानेवारीची आहे.

सासूबाई रोज विचारतात, शनिवार कधी. मी त्यांना अजून नोटिशीचं सांगितलेलं नाही.

तुमची,
मागच्या रांगेत पंख्याखाली बसणारी सून